घरी केलेले सीरम, लेप आणि रेटिनॉल एकत्र कालवावे का?

प्रश्न : मी इंदूरच्या लोकमान्य नगरात राहते, वय 47. दोन्ही गालांवर वांग आले आहेत आणि डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या दिसू लागल्या आहेत. क जीवनसत्त्वाच्या 500 मिलिग्रॅमच्या चार नारंगी, चघळायच्या गोळ्या कुटून, 50 मिलिलिटर गुलाबजलात विरघळवून मी सीरम करते. हळद, लिंबू, मध आणि डाळीच्या पिठाचा लेप आठवड्याचा एकदम कालवून फ्रिजमध्ये ठेवते. रात्री भाचीने दिलेले रेटिनॉलचे क्रीम लावते. हे तिन्ही मिसळून एकच मलम केले तर गुण लवकर येईल का? माझ्या सुनेला पाचवा महिना आहे. तीही हेच वापरते.

उत्तर : ताई, आधी सूनबाईंविषयी. त्यांचे रेटिनॉल, म्हणजे अ जीवनसत्त्वाचे एक रूप, आजच बंद करावे. त्वचेतून ते फार थोडे शोषले जात असले, तरी याच वर्गातील औषधे पोटात घेतल्यास गर्भाला गंभीर अपाय होतो, आणि म्हणून गरोदरपणात ते चेहऱ्यालाही लावू दिले जात नाही. आजवर लावले म्हणून घाबरून जाऊ नये. पुढच्या तपासणीत आपल्या डॉक्टरांना तेवढे सांगावे.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो. तिन्ही एकत्र करू नका, कारण यातील प्रत्येक गोष्टीची काम करण्याची रीत वेगळी आहे आणि कालवल्याने गुणांची बेरीज होत नाही, जळजळीची मात्र होते. आपल्या सीरमचाच हिशेब पाहा. चार गोळ्या म्हणजे 2 ग्रॅम, 50 मिलिलिटरमध्ये ते झाले 4 टक्के. त्वचेवर परिणाम दिसायला साधारण 10 ते 20 टक्के अॅस्कॉर्बिक आम्ल लागते आणि द्रावाचा सामू (पीएच; आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) साडेतीनच्या खाली असावा लागतो. चघळायच्या बऱ्याच गोळ्यांत जीवनसत्त्वाचा काही भाग सोडियमच्या क्षाराच्या रूपात असतो, तो त्वचेत फारसा शिरत नाही. वर साखर, रंग आणि संत्र्याचा वास असतो, ज्यामुळे चेहरा चिकट होतो आणि एखादीला पुरळही उठते. शिवाय पाण्यात हे जीवनसत्त्व टिकत नाही. बाटली उजेडात धरून पाहावी. गोळीच्या नारंगी रंगावर तपकिरी झाक आली, की ते वाया गेले असे समजावे.

लेपातील लिंबाविषयी मला जरा जास्त कळकळीने सांगायचे आहे. गेल्या मे महिन्यात एक मुलगी माझ्याकडे आली होती. लग्नाच्या आदल्या सकाळी लिंबू-मध लावून, चेहरा नीट न धुता, ती स्कूटरवरून खरेदीला गेली होती. रसाचे ओघळ हनुवटीवरून मानेवर जसे उतरले होते, तसेच्या तसे काळपट पट्टे तिच्या कातडीवर उमटले होते, आणि ते फिके व्हायला काही महिने गेले. कागदी लिंबात अशी द्रव्ये असतात की ती त्वचेवर असताना ऊन लागले तर भाजल्यासारखे होते आणि मागे डाग राहतो. रसाचा सामू दोन-अडीचच्या आसपास, तर त्वचेचा साधारण पाच. म्हणजे वांग असलेल्या गालावर आपण रोज तीव्र आम्ल चोळत आहात. वांगाचा स्वभाव असा, की त्वचेचा दाह झाला की तो अधिक गडद होतो. डाळीच्या पिठाने खसखसून घासणेही त्याच कारणाने टाळावे. ओला लेप आठवडाभर ठेवू नये, त्यात जंतू वाढतात. लावायचाच असेल तर पीठ, मध आणि चिमूटभर हळद त्या वेळेपुरती कालवावी, कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून पाहावी आणि मगच चेहऱ्याला लावावी. त्याने त्वचा मऊ होईल, तुकतुकीत दिसेल. वांग जाणार नाही.

रेटिनॉल मात्र सुरकुत्यांवर खरोखर उपयोगी आहे. सुरुवातीला आठवड्यातून दोन रात्री, कोरड्या चेहऱ्याला वाटाण्याएवढे, पापण्यांपासून दूर लावावे. त्या रात्री दुसरे काही आम्लयुक्त नको. फरक दिसायला तीन महिने तरी लागतात. क जीवनसत्त्व हवेच असेल तर तयार, गडद काचेच्या बाटलीतले घ्यावे आणि ते सकाळी लावावे.

या सगळ्याहून मोठे काम सनस्क्रीनचे आहे, आणि आपल्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. सुरकुत्या आणणारे अतिनील किरण खिडकीच्या काचेतूनही आत येतात, तर वांगाला साधा उजेडही पुरतो; म्हणून किमान 30 एसपीएफचे, लोहाच्या ऑक्साइडमुळे किंचित गव्हाळ रंग असलेले सनस्क्रीन घ्यावे. दोन बोटांच्या लांबीइतके चेहरा आणि मानेला लावावे, उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. आपल्याकडे स्कूटरवर बायका दुपट्टा गुंडाळतात, ती सवय उत्तम. पण त्यावर भिस्त ठेवून सनस्क्रीन टाळू नये.

पहिले दोन आठवडे फक्त सौम्य फेसवॉश, साधे मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढेच वापरा. लाली आणि आग शमली की रेटिनॉल पुन्हा सुरू करा. तीन महिन्यांनंतरही वांग तसाच असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, आणि जाताना गर्भनिरोधक गोळ्या किंवा हार्मोन्सचे औषध चालू असल्यास त्याची चिठ्ठी बरोबर न्या, कारण वांग त्यांनीही वाढतो.