आपले प्रश्न : बाळाचा खुबा, सोनोग्राफी आणि एक्स-रे

प्रश्न : माझी पहिली मुलगी पायाळू. सहाव्या आठवड्यात खुब्यांची सोनोग्राफी केली. उजवा ‘टाइप वन’, अल्फा कोन ६३ अंश. डावा ‘टाइप टू ए’, ५७ अंश. डॉक्टर थांबा म्हणतात. घरचे म्हणतात, एक्स-रे काढून एकदाचा सोक्षमोक्ष लावा. काय करू?
– एक आई, सांगली

उत्तर : एक्स-रेने सोक्षमोक्ष लागणार नाही. या वयात मांडीच्या हाडाचा गोळा निव्वळ कूर्चेचा, म्हणजे मऊ, अजून हाड न झालेल्या भागाचा असतो आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. गोळ्यात हाड धरू लागते ते साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात. तोवर सोनोग्राफीच खरी.

अल्फा कोनावरून खुब्याच्या वाटीचे हाडाचे छत किती घडले ते कळते. ६० किंवा जास्त म्हणजे वाटी पक्की. ५० ते ५९ हा आकडा बारा आठवड्यांच्या आत ‘टू ए’, म्हणजे नुसता कच्चेपणा. त्यानंतर तोच ‘टू बी’ होतो आणि उपचाराचा विषय बनतो. सहाव्या आठवड्यात निदान ५५ हवा, तेव्हा ५७ ठीकच आहे. पण बाराव्या आठवड्याची सोनोग्राफी टाळू नका, बाळ कितीही छान पाय झाडत असले तरी. पायाळू मुलींमध्ये खुब्याची वाटी नीट न घडण्याचा दोष जास्त आढळतो.

त्या वेळी नुसता आकडा घेऊन येऊ नका, चित्रही मागा. त्यात इलियम या कमरेच्या हाडाचे वाटीतले खालचे टोक, छताचा मधला भाग आणि लॅब्रम म्हणजे वाटीची कूर्चेची कड, तिन्ही स्पष्ट हवेत. एक जरी दिसत नसेल तर कोन मोजण्यात अर्थ नाही. प्रोब, म्हणजे अंगावर टेकवायचा सोनोग्राफीचा दांडा, जरा कलला की चांगला खुबाही बिघडलेला दिसतो, आणि रडून वळवळणाऱ्या बाळात तो कलतोच. म्हणून आधी दूध पाजून न्या.

दुपट्यात पाय सरळ ताणून बांधू नका; गुडघे वाकवून मांड्या फाकवता येतील इतकी सैल जागा ठेवा. मालिशवाल्या बाईंनाही पाय ओढू नका म्हणून सांगा. हे आजींना पटवणे सोपे नाही, पण गरजेचे आहे.

प्रश्न : नातू १४ महिन्यांचा, लंगडत चालतो. आता सोनोग्राफी करावी का?
– एक आजोबा, नाशिक

उत्तर : नाही, आता एक्स-रे, तोही लगेच, आणि बालअस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. कंबर सरळ ठेवून, समोरून, दोन्ही खुबे एकाच फिल्मवर. ओटीपोटाच्या हाडातली दोन्ही बाजूंची छिद्रे सारखी दिसत नसतील तर मूल वळलेले होते. वाटीच्या उताराचा कोन चुकतो, फिल्म पुन्हा काढावी लागते. फक्त मांड्या फाकवून काढलेल्या फिल्मवर भागवू नका, त्या स्थितीत निखळलेला गोळा जागेवर येऊन दोष लपू शकतो.