टीशर्टची शिवण पोटावर का येते? आणि वाचकांचे आणखी दोन प्रश्न

प्रश्न: दादा, मुलासाठी ठाण्यात गोखले रोडवरून टीशर्ट घेतले, प्युअर कॉटन, हाताला एकदम लोण्यासारखे. थोड्याच धुण्यांत बाजूची शिवण फिरून पोटावर आली, उंची आखडली आणि रुंदीला मात्र ढगळ झाले. दुकानदार म्हणतो, गरम पाण्यात टाकले असतील, नाहीतर तुमची वॉशिंग मशीन खराब असेल. खरं काय? (एक ताई, ऐरोली)

उत्तर: ताई, मशीन बदलायला जाऊ नका, तिचा काही दोष नाही. गरम पाण्याने आणि ड्रायरने हे लवकर होतं, तेवढाच दुकानदाराचा मुद्दा धरू. बाकी जे झालं ते कापड तयार होतानाच ठरलं होतं.

साध्या टीशर्टच्या कापडाला सिंगल जर्सी म्हणतात, ते मागावर उभा-आडवा धागा घालून केलेलं नसतं, गोल निटिंग मशीनवर सुताचे फास एकमेकांत अडकवत जातात, त्या फासाला लूप म्हणायचं. मशीन म्हणजे समजा ३० इंच व्यासाचं सिलिंडर, २४ गेजचं असेल तर इंचाला २४ सुया, म्हणजे घेरात सव्वादोन हजारांच्या वर सुया, आणि भोवतीने ९० ठिकाणांहून सूत येतंय. सिलिंडरचा एक फेरा झाला की एकदम ९० ओळी तयार, त्यामुळे कुठलीच ओळ सरळ आडवी बसत नाही, थोडी तिरकी बसते. सेंटिमीटरला १८ ओळी धरा, ९० ओळींचे झाले ५ सेंटिमीटर, कापडाचा घेर पावणेदोन मीटर धरला तर तिरकेपणा येतो दीड-पावणेदोन अंश. हा लहान गुन्हेगार.

मोठा गुन्हेगार म्हणजे सुताचा पीळ. एकेरी सुताला एकाच दिशेने पीळ दिलेला असतो आणि त्याला तो सतत उलगडायचा असतो. जुना टीशर्ट फेकणार असाल तर कापलेल्या कडेने एक लांब धागा उसवा, दोन्ही टोकं चिमटीत धरून हळूहळू जवळ आणा, मधे तो आपोआप स्वतःभोवती गुंडाळायला लागतो. मागावरच्या कापडात धागे एकमेकांना दाबून धरतात म्हणून पिळाला फारसा वाव नसतो, जर्सीत मात्र लूपला हलायला जागाच जागा, मग प्रत्येक लूप एकाच बाजूला थोडा थोडा कलंडतो आणि सगळे मिळून शिवण घेऊन जातात. कारखान्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं बरं का, ओलं कापड स्टेंटर नावाच्या मशीनवर दोन्ही कडांना धरून सरळ करतात, गरम हवेत वाळवतात, कापतात, शिवतात, दुकानात अगदी शिस्तीत दिसतं. घरी पाण्यात पडलं की लूप परत आपल्या जागी.

आता उंची. निटिंग होताना खालचे रोलर कापड ओढत असतात, पुढे रंगाईतही लांबीलाच ताण बसतो, म्हणून लूप उभे लांबट होतात. धुतल्यावर ते आखूड आणि रुंद होतात, तुमचा ढगळपणा तिथून आला. १९५९ साली मंडन नावाच्या ब्रिटिश संशोधकाने साध्या निटेड कापडाबद्दल दाखवून दिलं की कापड पूर्ण सैलावलं की इंचाला किती ओळी आणि किती लूप बसणार हे मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरतं, एका लूपला किती लांबीचं सूत दिलंय. मग तुम्ही ताणा, इस्त्री करा, काही करा, पाण्यात घुसळलं की ते त्याच मापाकडे निघणार. म्हणून चांगल्या युनिटमध्ये १०० सुयांनी केलेल्या १०० लूपचं सूत उसवून, सरळ करून पट्टीवर मोजतात, ३० काउंटच्या (काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचा आकडा) सुताला एका लूपमागे साधारण पावणेतीन मिलिमीटर निघतं, याला स्टिच लेंथ म्हणतात. खर्च वाचवायला लूप मोठा ठेवला की सूत कमी लागतं, कापड हलकं आणि मऊ होतं, वरून सॉफ्टनर मारला की गिऱ्हाईक खूश, पण सैल लूपला कलंडायला जागा जास्त. माझं स्पष्ट मत, नुसता मऊपणा बघून टीशर्ट घेण्यासारखी वाईट खरेदी नाही.

पुढच्या वेळी इंटरलॉकचा, म्हणजे दुहेरी निटिंगच्या कापडाचा घ्या, त्यात दोन्ही बाजूंचे लूप एकमेकांचा कल मारतात. किंवा कपडा शिवून झाल्यावर धुतलेला, म्हणजे गारमेंट वॉशवाला बघा, जे फिरायचं ते आधीच फिरलेलं असतं. ओपन-एंड सुताचा (फिरत्या रोटरमध्ये कातलेल्या सुताचा) टीशर्ट हाताला जरा खरखरीत लागतो पण फिरतो कमी. घरात आहेत त्यांना औषध नाही, ओले असतानाच हाताने सरळ करून आडवे वाळवा, पुढच्या धुण्यापर्यंत बरे दिसतील.

प्रश्न: भिवंडीहून पडद्यांसाठी स्वस्तात तागा आणला. खिडकीला लावल्यावर उजेडात मधे मधे आडवी विरळ रेघ दिसते. सूत खराब की रंग? (एक काका, कळवा)

उत्तर: काका, बहुतेक दोन्ही नाही, ती माग थांबल्याची खूण आहे. धोट्याचा (आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो धोटा) साधा माग मिनिटाला १२०-१५० आडवे धागे टाकतो, आणि प्रत्येक धाग्याला फणी पुढे येऊन ठोकते. धोट्यातली सुताची कांडी संपली, ताण्याचा म्हणजे उभा धागा तुटला किंवा लाईट गेली की माग थांबला. तो उभा असतो तेवढ्या वेळात ताणलेले उभे धागे हळूहळू सैलावतात आणि जिथे शेवटचा आडवा धागा ठोकला होता ती कड जरा सरकते. परत चालू केल्यावर पहिल्या एक-दोन ठोक्यांना मागाला पूर्ण वेग आलेला नसतो, ठोका हलका पडतो, राहिली विरळ रेघ. कधी उलट होऊन जाड पट्टीही येते. हुशार कारागीर चालू करायच्या आधी हाताने बीम (उभे धागे गुंडाळलेला रूळ) थोडा मागे-पुढे घेऊन ती कड जुळवतो, पण एकाच माणसाकडे बरेच माग असले की एवढं कोण बघत बसणार. एअरजेटसारख्या (हवेच्या झोताने आडवा धागा टाकणाऱ्या) नव्या लूमवर हे काम कंट्रोलर आपोआप करतो, शिवाय मोटर पहिल्या ठोक्यालाच जोर देते.

धुवून ती रेघ जाणार नाही. अस्तर लावून टाका, उजेड अडला की दिसायची थांबेल. आणि पुढचा तागा दुकानातच ट्यूबलाइटसमोर धरून बघा.

प्रश्न: वाशीच्या मार्केटात कपड्यासारखी पिशवी मिळते, ती चालते का? (वाचक, नेरूळ)

उत्तर: तिच्यावर बारीक ठिपक्यांची नक्षी असेल तर ते बहुतेक पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लॅस्टिकच. वितळवून बारीक भोकांतून तंतू काढतात, हवेने ओढून चालत्या पट्ट्यावर पसरवतात आणि गरम रोलरने ठिकठिकाणी चिकटवतात, ठिपके त्या रोलरचे. सूत नाही, विणणं नाही. ३० सप्टेंबर २०२१ पासून केंद्राच्या नियमात अशी पिशवी ६० जीएसएमपेक्षा (चौरस मीटरला ६० ग्रॅम) पातळ चालत नाही. जाड असेल तर पुन्हा पुन्हा वापरा, फक्त गॅलरीत उन्हात टांगून ठेवू नका, उन्हाने तिचा भुगा होतो आणि तो घरभर झाडत बसावा लागतो.