हार्टच्या पेट-एमआरआयमधला डाग खरा की खोटा?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, वडिलांची बायपास झालेली आहे. आता हार्टचा पेट-एमआरआय केला तर सेंटरवरून फोन आला की हृदयाच्या पुढच्या आणि बाजूच्या भिंतीवर डाग दिसतोय पण तो 'अटेन्यूएशन करेक्शन'चा असू शकतो, डेटा परत प्रोसेस करतोय. मशीन बिघडलंय का? परत इंजेक्शन घ्यावं लागेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : मशीन बहुतेक ठणठणीत असेल. उलट तिथल्या कुणीतरी रिपोर्टवर सही ठोकायच्या आधी नीट बघितलंय, हे बरंच झालं.

पेट-एमआरआय म्हणजे पेट आणि एमआरआय हे दोन स्कॅन एकाच बैठकीत. पेटमध्ये इंजेक्शनने दिलेल्या किरणोत्सारी औषधातून ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे फोटॉन, म्हणजे किरणांचे कण, निघतात आणि बाहेर येईपर्यंत त्यातले बरेच शरीरातच अडतात, साधारण ७ सेंटीमीटर पाण्यातून निम्मेच पार होतात, म्हणून कुठे किती अडले याचा हिशोब लावून चित्रात तेवढी भर घालावी लागते. हेच ते करेक्शन. पेट-सीटीत हे सोपं जातं, सीटी म्हणजे एक्सरेच, कुठे किती घट्ट ते त्यातून कळतं. एमआरआयला मात्र दिसतात पाण्यातले नि चरबीतले प्रोटॉन, त्यामुळे हाडही काळं आणि हवाही काळी. मग डिक्सन नावाचा सिक्वेन्स, म्हणजे पाणी नि चरबी वेगवेगळी दाखवणारा एमआरआयचा एक प्रकार, घेऊन हवा, फुप्फुस, चरबी आणि बाकीचा मऊ भाग असे ४ गट पाडतात नि प्रत्येकाला तो फोटॉन किती अडवतो याचा ठरलेला आकडा देतात, हाच करेक्शनचा नकाशा. हाड सरळ मऊ भागात ढकलतात, हृदयासाठी ते बहुतेक वेळा चालून जातं.

आता तुमच्या वडिलांचं. बायपासनंतर छातीचं हाड सहसा स्टीलच्या तारांनी बांधतात. तार बारीकच, पण एमआरआयमध्ये तिच्याभोवती भलंमोठं काळं भोक पडतं, सॉफ्टवेअरला वाटतं इथे हवा आहे, ते भर कमी घालतं आणि हृदयाची पुढची भिंत उगाच फिकी दिसते. बाजूच्या भिंतीचा घोळ बहुतेक श्वासाचा. डिक्सन काही सेकंद श्वास रोखून होतो, पेट कितीतरी मिनिटं चालू श्वासात, आणि पेशंटने छाती फुगवून श्वास रोखला असेल तर नकाशात फुप्फुस हृदयाच्या जागेवर येऊन बसतं. फुप्फुसाचा आकडा मऊ भागाच्या जेमतेम पाव, मग डाग दिसणारच!

दुरुस्ती अशी, की नकाशा आणि पेट एकावर एक ठेवून बघायचं, तारांची भोकं मऊ भागाच्या आकड्याने भरायची, श्वास सोडून रोखलेला दुसरा डिक्सन घेतलेला असेल तर तो वापरायचा आणि चित्र परत बनवायचं. मूळ डेटा जपून ठेवलेला असेल तर इंजेक्शन लागत नाही. गॅडोलिनियम (एमआरआयच्या वेळी शिरेतून देतात ते कॉन्ट्रास्ट औषध) दिलं असेल तर त्याच बैठकीतल्या एमआरआयमध्ये तिथे जुन्या अटॅकचा व्रण आहे का तेही विचारा, असेल तर डाग खरा असायची शक्यता बरीच वाढते. नवा रिपोर्ट हातात येईपर्यंत गोळ्या आपल्या मनाने बदलू नका.