परवडणं, मुकणं आणि ‘संधी खर्च’

खानापूरहून एका ताईंनी विचारलंय: ‘मुलगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, कॉमर्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता सगळं इंग्रजीत. ‘ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट’ला मराठीत एका ठिकाणी ‘संधी खर्च’ सापडलं, दुसऱ्या ठिकाणी ‘वैकल्पिक खर्च’. ती आजोबांना समजावून सांगायला गेली तर ते म्हणाले, खर्च झाला म्हणतीस, मग पैसे कुणाला दिलीस ते सांग. बरोबर शब्द कुठला? आपल्या बोलण्यात याला काही आहे का? आणि ‘तुलनात्मक लाभ’ म्हणजे नफाच ना?’

आजोबांचा प्रश्न बिनतोड आहे. मराठीत ‘खर्च’ म्हटलं की पैसा खिशातून निघून दुसऱ्याच्या खिशात गेलाच पाहिजे, वहीत तारीख पडली पाहिजे. इथे तसं काही होत नाही. एक गोष्ट केली म्हणून दुसरी करता आली नाही, आणि त्या दुसरीतून जे मिळालं असतं त्याला आपण मुकलो. पावती नाही, तारीख नाही.

‘वैकल्पिक खर्च’ तर मी पहिल्यांदा बाद करीन. ‘वैकल्पिक’ शब्द विद्यार्थ्याला भेटतो तो ‘वैकल्पिक विषय’ म्हणून, म्हणजे घेतला तर घेतला, नाहीतर नाही. वैकल्पिक खर्च म्हणजे ‘केला नाही तरी चालेल असा खर्च’ असं एखाद्या मुलीनं लिहिलं तर तिला दोष कसा द्यायचा? ‘संधी खर्च’ त्यातल्या त्यात बरा. मात्र तोही पहिल्या वाचनात संधी मिळवायला केलेला खर्च वाटतो, म्हणजे नोकरीसाठी कुणाच्या हातावर ठेवलेल्या पाकिटासारखा.

इंग्रजी संज्ञासुद्धा काही फार जुनी नाही. कल्पना ऑस्ट्रियाच्या फ्रिड्रिश फॉन वीझरनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडली, आणि इंग्रजीत हे जोडनाव डेव्हिड ग्रीननं 1894 साली एका लेखाच्या मथळ्यात वापरलं. म्हणजे तिकडेही आधी गोष्ट होती आणि नाव मागून आलं. आपल्याकडे गोष्ट आहे आणि तिला क्रियापदही आहे, फक्त नाम नाही.

ते क्रियापद म्हणजे ‘परवडणे’.

बेळगावजवळ बेळगुंदी, राकसकोपच्या बाजूला पावसाळ्यात गेलात तर वरच्या तांबड्या माळावर रताळ्याचे वेल दिसतील आणि खालच्या खोलगट शेतात भात. तिथल्या एका ओळखीच्या मामांना मी विचारलं होतं, ‘मामा, रताळ्याला दर चांगला आहे म्हणता, मग खालीही रताळीच का लावत नाही?’ ते म्हणाले, ‘वरती रताळी लावलो, खालती भातच केलो. खालच्यात रताळी परवडत न्हाईत गा. पाणी धरतंय, कुजून जातंय. आणि तिथला भात सोडून मी खाऊ काय?’

(पुण्याकडचे वाचक ‘लावलो’, ‘केलो’ वाचून लाल पेन काढतील, म्हणून सांगतो. ‘मी केलं’ऐवजी ‘मी केलो’ म्हणणं ही आमच्या सीमाभागाची रीत आहे. कन्नडात ‘नानु माडिदे’ म्हणताना क्रियापद कर्त्यामागं जातं, तसं शेजारानं आमच्याकडेही झालंय. चूक नव्हे, शेजारधर्म.)

आता त्या मामांच्या ‘परवडत न्हाईत’मध्ये काय काय आहे ते बघा. वेल विकत घ्यायला पैसे नाहीत असं ते म्हणत नाहीत. खालच्या शेतात रताळी तोट्यात जातील एवढंच म्हणून ते थांबतही नाहीत. त्या शेतातला भात सोडावा लागेल, तो जास्त मोलाचा आहे, हे त्यांनी त्याच दमात सांगितलं. पाठ्यपुस्तकात याला दीड पान लागतं.

‘परवडणे’चे आपल्याकडे तीन वापर आहेत. ‘मला ही गाडी परवडत नाही’ हा शहरी वापर, पैसा नाही एवढाच अर्थ. ‘या दरात परवडत नाही’ हा बाजारातला, मेहनतीचं चीज होत नाही असा. तिसरा वापर खरा मजेचा: ‘त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा दोन फूट जागा सोडलेली परवडली’, ‘असल्या पाहुण्यापेक्षा उपास परवडला’. इथे ‘परवडणे’ला ‘पेक्षा’ची जोड लागतेच. दोन वाटा समोर ठेवून एक धरायची आणि दुसरी कितीला पडली ते त्याच वाक्यात सांगायचं. उपास काही कुणाला आवडतो म्हणून परवडत नाही. पाहुण्याच्या मानानं परवडतो. (आणि ‘परवड होणे’ म्हणजे हाल होणे. ‘परवडलं नाही आणि परवड झाली’ असं एका वाक्यात दोन्ही भोगणारे शेतकरीही आमच्याकडे आहेत.)

दुसरं हत्यार म्हणजे ‘पायी’ हे शब्दयोगी अव्यय. ‘हव्यासापायी घर गेलं’, ‘कोर्टापायी शेत गेलं’ हे आपण रोज बोलतो. मुलीला आजोबांपुढे एवढंच म्हणायला सांगा: ‘रताळ्यापायी गेलेला भात, म्हणजे रताळ्याचा संधी खर्च.’ आजोबा पुन्हा ‘पैसे कुणाला दिलीस’ विचारणार नाहीत.

फक्त ‘पायी’त एक खड्डा आहे. आपण सहज म्हणून जातो, ‘रताळ्यापायी भातही गेला, भुईमूगही गेला, मकाही गेला.’ कानाला बरं वाटतं, हिशेबाला चूक आहे. एका हंगामात एका तुकड्यातून एकच पीक निघणार होतं. तेव्हा मुकलेल्यातलं सगळ्यात चांगलं तेवढंच मोजायचं. तिन्ही मोजले तर शेत आहे त्याच्या तिप्पट धरल्यासारखं होतं. परीक्षेत यावर हमखास एक गुण जातो.

मामांच्या माळावरून आणखी एक गोष्ट दिसते. तेवढ्याच जमिनीत दोन पिकं किती-किती निघू शकतात ते दाखवणारी ‘उत्पादन शक्यता वक्र’ म्हणून एक आकृती काढायला लावतात, बाहेर पोट आलेली रेषा. तिचं पोट का सुटतं? सगळ्या शेतात भात आहे असं धरा आणि रताळी वाढवत चला. पहिल्यांदा वरचा माळ द्याल. तिथं भात तसाही बेतासबात, फार जात नाही, आणि रताळी भरपूर येतात. मग उतार द्याल. शेवटी खालच्या खोलगटाला हात घालाल तेव्हा पोत्यानं भात जाईल आणि रताळी येतील पाटीभर, त्यातलीही अर्धी कुजकी. दर पावलाला ‘पायी’ जड होत जातं. सगळी जमीन सारख्या मगदुराची असती तर रेषा सरळ आली असती.

आता शब्दाच्या खोलात जरा जातो, ज्यांना घाई आहे त्यांनी हा परिच्छेद सोडावा. ‘खर्च’ फारसीतून आलेला. त्याआधी मराठीत ‘वेच’ होता. तुकोबांचं ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी’ सगळ्यांना पाठ आहे. त्यातला ‘वेच’ म्हणजे खर्च. कन्नडात आजही खर्चाला ‘वेच्च’ म्हणतात. बेळगावच्या बाजारात उभं राहिलं तर तुकोबांचा शब्द पलीकडच्या दुकानातून ऐकू येतो. आपण मात्र तो फक्त ‘आयुष्य वेचलं’ एवढ्यापुरता ठेवला. गंमत अशी की तिथं पैशाचा संबंधच नाही. इकडे आयुष्य घातलं म्हणून ते दुसरीकडे घालता आलं नाही, हाच अर्थ. शिवाय ‘वेचणे’चं जुळं भावंड आहे, ‘फुलं वेचणे’तलं, म्हणजे निवडून घेणं. मुळं वेगळी, रूप एक. निवडणं आणि खर्चणं एकाच उच्चारात बसवणारी भाषा असताना आपण ‘संधी खर्च’वर समाधान मानलं, याचं मला जरा वाईट वाटतं. पण ‘वेच’ परत आणा असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. गेलेला शब्द सरकारी परिपत्रकानं परत येत नाही.

कन्नडातून येणाऱ्यांसाठी एक इशारा. तिकडे ‘अवकाश’ म्हणजे संधी. मराठीत ‘अवकाश’ म्हणजे मोकळी जागा, सवड किंवा उशीर. कन्नड पुस्तकावरून उतरवताना ‘अवकाश खर्च’ लिहाल तर मराठी परीक्षकाला रॉकेट आठवेल.

‘खर्च’ शब्दाचा वाद नुसता भाषेचा आहे असं समजू नका. निपाणीत 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी आंदोलन पेटलं. शेतकरी संघटनेची एकूण मागणीच उत्पादन खर्चावर आधारलेल्या भावाची होती. तिथं लगेच प्रश्न येतो, खर्च म्हणजे काय काय? केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग तो पायऱ्यांनी मोजतो. ‘ए२’ म्हणजे बी, खत, मजुरी असा प्रत्यक्ष केलेला खर्च. त्यात ‘एफएल’ मिळवला की घरच्या माणसांनी शेतात राबलेल्या दिवसांची मजुरी धरली जाते. ‘सी२’मध्ये त्यावर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याजही धरतात. स्वतःचंच शेत, खंड कुणाला दिला? कुणालाच नाही. पण दुसऱ्याला खंडानं दिलं असतं तर आला असता, त्याला मुकलो. म्हणजे ‘सी२’त चोरपावलानं संधी खर्चच शिरलेला आहे. स्वामिनाथन यांच्या आयोगानं हमीभाव खर्चाच्या वर किमान 50 टक्के असावा म्हटलं. सरकारनं 2018च्या खरिपापासून हमीभाव दीडपट दिला तो ‘ए२ अधिक एफएल’च्या. शेतकरी म्हणतात ‘सी२’च्या दीडपट द्या. आजोबांसारखं ‘पैसे कुणाला दिलास’ विचारणारं सरकार आणि ‘मुकलो ते कोण मोजणार’ म्हणणारा शेतकरी, असं हे भांडण आहे.

आता ‘तुलनात्मक लाभ’. नफा नव्हे, ताई. मूळ इंग्रजी ‘कम्पॅरेटिव्ह ॲडव्हान्टेज’मधल्या ‘ॲडव्हान्टेज’चा अर्थ वरचढपणा, सरसपणा. ‘लाभ’ म्हटलं की आपल्याला दारावरचं शुभ-लाभ आठवतं. माझ्या मते इथे ‘उजवा’ चपखल बसतो. ‘हिच्यापेक्षा ती स्वयंपाकात उजवी’ आपण म्हणतोच, आणि ‘डावं-उजवं करणे’ म्हणजे तुलना करणं हेही जुनंच.

समजा, घरात दोन जावा आहेत. थोरली तासाला 30 भाकरी थापते, किंवा लावणीला उतरली तर रोपाच्या 60 पेंड्या लावते. धाकटी नवीन आहे, तासाला 20 भाकरी किंवा 20 पेंड्या. थोरली दोन्हींत उजवी. मग धाकटीचा उपयोग काय? थोरलीची एक भाकरी म्हणजे 2 पेंड्या गेल्या. धाकटीची एक भाकरी म्हणजे 1 पेंडी गेली. दोघींनी अर्धा-अर्धा तास दोन्ही कामं केली तर 25 भाकरी आणि 40 पेंड्या होतात. धाकटी तासभर चुलीपुढे बसली आणि थोरली 10 मिनिटांत 5 भाकरी थापून शेतात गेली, तर भाकरी तेवढ्याच 25, पेंड्या मात्र 50. धाकटी दोन्हींत डावी, पण भाकरीत कमी डावी. हे ‘कमी डावी’ म्हणजेच तुलनात्मक लाभ. म्हणून मला तो शब्द पटत नाही: ज्याला तो ‘लाभ’ आहे असं पुस्तक सांगतं, तो बऱ्याचदा दोन्हींत मागे असलेलाच असतो. (या हिशेबावर धाकटीला जन्मभर चुलीपुढे बसवायचं का, ते हिशेब सांगत नाही. उद्या ती लावणी शिकली की आकडे बदलतात. सासूबाईंना हे सांगावं लागतं.)

इंग्लंडच्या डेव्हिड रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञानं 1817 साली हेच देशांना लावलं. त्याच्या उदाहरणात ठरावीक कापडाला इंग्लंडात 100 माणसांचं वर्षभराचं काम लागतं, पोर्तुगालात 90. दारूला इंग्लंडात 120, पोर्तुगालात 80. पोर्तुगाल थोरली जाऊ, इंग्लंड धाकटी. तरी इंग्लंडनं कापड विणावं, पोर्तुगालनं दारू गाळावी आणि अदलाबदल करावी, दोघांचंही भलं होतं. रिकार्डो माणसांच्या श्रमात मोजत होता. मुकलेल्या मालात मोजण्याची रीत हाबर्लर या अर्थशास्त्रज्ञानं 1930च्या दशकात घातली, आणि आज पाठ्यपुस्तकांत दिसते ती हीच.

इतक्या लांब जायचं नसेल तर पहाटे चोर्ला घाटाच्या रस्त्याला उभं राहा. बेळगावची भाजी गाड्या भरभरून गोव्याला उतरत असते. गोव्यात भाजी पिकत नाही असं मुळीच नाही. पण तिथल्या माणसाला त्याच वेळात, त्याच जागेत दुसरं जे मिळतं त्याच्या मानानं कोबी लावणं परवडत नाही. बेळगावच्या मळेकऱ्याला परवडतं. इथेही शेवटी ‘परवडणे’च उपयोगी आलं.

परीक्षेत मराठीत लिहायची वेळ आली तर मुलीनं ‘संधी खर्च’च लिहावं, मधला मार्ग काढू नये. गुण त्यालाच मिळतील. कंसात ‘मुकलेलं उत्पन्न’ लिहिलं तर परीक्षकालाही कळेल की हिला समजलंय. लिहिताना एवढं सांभाळा: दोन शब्द सुटे लिहिले तर ‘संधी’ दीर्घ, जोडून लिहिले तर पहिला शब्द तत्सम असल्यामुळे ऱ्हस्व होतो, ‘संधिप्रकाश’ आणि ‘संधिवात’ यांच्यासारखा. म्हणजे ‘संधी खर्च’ किंवा ‘संधिखर्च’. ‘संधीखर्च’ मात्र नको.