भूतकथा आणि इतिहासकथा शेजारी शेजारी ठेवा

तुम्ही मुलांसाठीच्या गोष्टी वाचायला नुकतीच सुरुवात करताय, म्हणून आधी हेच सांगते: भूतकथा आणि इतिहासकथा वेगळ्या कप्प्यांत ठेवू नका. इसवी सन ७९ मध्ये इटलीतला व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा रोमन लेखक धाकटा प्लिनी १७ वर्षांचा होता. बंद खोलीतला दिवा विझावा तसा काळोख पसरला, असं त्याने पुढे पत्रात लिहिलं. त्याच्याच दुसऱ्या पत्रात अथेन्समधलं झपाटलेलं घर आहे! साखळदंडांचा खणखणाट, बोटाने खुणावणारा म्हातारा, आणि तो जिथे दिसेनासा झाला तिथे खणल्यावर सापडलेली, साखळ्यांत अडकलेली हाडं. रीतसर दफन झालं आणि त्याचं येणं थांबलं.

वाचताना पेन्सिल जवळ असू द्या. खरी घटना आणि काल्पनिक पात्र कुठे जोडलंय, तिथे समासात खूण करा. लेखकाची टीप मात्र गोष्ट संपल्यावरच वाचा. मुलांसाठीचं म्हणजे हलकंफुलकं असंही समजू नका. लहान वाचकाला घाबरवायचं आणि तरी सांभाळायचं, हे फार अवघड काम आहे. रात्री झोप उडालीच, तर तेच प्रकरण सकाळी पुन्हा वाचा. अंगावर काटा नेमका कुठल्या वाक्याने आणला, ते उजेडात सापडतं.