करेक्शन कोण देणार, ते विचार

प्रिय लेकी,

तू पाठवलेली ॲनिमेशनच्या संस्थांची तिन्ही माहितीपत्रकं पोचली आणि बाबांचा प्रश्नही पोचला: एवढे पैसे भरायचे तर नेमके कुठे भरायचे? त्याचं उत्तर देते, पण आधी सारंगखेड्याच्या यात्रेत तू काढलेल्या घोड्यांबद्दल बोलू. मला उत्तर तिथेच सापडलं.

बांधलेले घोडे तू फार छान काढले आहेस. मागचा एक पाय ढिला सोडून घोडा उभा राहिला की त्याचा मागचा पुठ्ठा एका बाजूला कसा कलतो, हे तू नीट बघून काढलंस. पळणारा घोडा मात्र तू न बघता काढलास. पुढचे दोन्ही पाय पुढे ताणलेले, मागचे दोन्ही मागे आणि घोडा अधांतरी. मोठमोठ्या चित्रकारांनीही शतकानुशतकं असेच घोडे रंगवले. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिजने कॅलिफोर्नियात धावपट्टीच्या कडेला कॅमेऱ्यांची रांग लावून पळत्या घोड्याचे फोटो घेतले, तेव्हा खरं काय ते दिसलं. चारही पाय जमिनीवरून सुटतात, पण ते पोटाखाली गोळा झालेले असताना. यंदा दत्तजयंतीला यात्रेत जाशील तेव्हा मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण कर आणि एकेक फ्रेम थांबवून पाय बघ. दुडक्या चालीत पुढचा एक आणि त्याच्या तिरप्या बाजूचा मागचा पाय जोडीने उचलला जातो. रेवाल चालीत एकाच बाजूचे दोन पाय जवळजवळ बरोबरीने चालतात, म्हणून स्वार जागचा हलत नाही आणि बघणारे वाहवा करतात. हा फरक हाताला कळला की मग काढ.

मी आत्ता जे केलं त्याला आमच्या स्टुडिओत करेक्शन म्हणतात. ॲनिमेशनच्या शाळेची फी भरायची ती यासाठी. तुझं काम रोज कोण बघणार, त्यात नेमकं काय चुकलं हे सांगण्याइतकं त्या माणसाला येतं का, आणि तो तुला तोच शॉट पुन्हा करायला लावणार का, एवढं तू शोधून काढ. बाकी सगळं त्याच्या मागून.

माहितीपत्रकात पहिल्या पानावर सॉफ्टवेअरची नावं आहेत. त्यांनी भुलू नकोस. ब्लेंडर फुकट आहे, आजच उतरवून घेता येतं. २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियाचा ‘फ्लो’ त्याच ब्लेंडरमध्ये बनला. माया हे दुसरं सॉफ्टवेअर स्टुडिओंत जास्त चालतं हे खरं, पण विद्यार्थ्यांना तेही शिकण्यासाठी विनामूल्य मिळतं. कोणतं बटण कुठे आहे हे शिकायला लाखांत फी लागत नाही. ज्या संस्थेत सुरुवातीचे महिने नुसते मेनू शिकवण्यात जातात तिथली मुलं वर्षाअखेरीस सॉफ्टवेअर पटापट चालवतात, पण त्यांच्या पात्राला वजन नसतं. उडी मारली की ते कागदासारखं तरंगतं. चांगल्या ठिकाणी आधी चेंडू टप्पे खातो, मग पिठाची गोणी उडी मारते, मग माणूस चालतो. सेकंदाला २४ फ्रेम, साध्या चालीत एका पावलाला साधारण १२. त्या १२ फ्रेममध्ये कंबर कधी खाली येते आणि कधी वर जाते, यावर शिक्षक तास तास घालवत असेल तर ती जागा बरी.

तिन्ही संस्थांनी शोरील, म्हणजे मुलांच्या निवडक कामाचे व्हिडिओ, पाठवले आहेत. सगळे चकाचक आहेत, असणारच. पण बियाण्याच्या पिशवीवरचं चित्र बघून आपल्याकडे कुणी कापूस लावत नाही, शेजारच्या शेतातलं उभं पीक बघून लावतात. तसं तू दुसऱ्या वर्षातल्या मुलांना भेट. संस्थेने पुढे केलेल्या हुशार मुलाला नको, मागच्या बाकावरच्या दोघातिघांना. एकच प्रश्न विचार: ‘या शॉटमध्ये तुझं काम कोणतं?’ मॉडेल दुसऱ्याचं, रिग (पात्र हलवायचा आतला सांगाडा) इंटरनेटवरचं, लायटिंग सरांनी करून दिलं, असं निघालं तर काय समजायचं ते समज. मग त्याच शॉटचं पहिलं ब्लॉकिंग, म्हणजे मुख्य पोझेसचा कच्चा आराखडा, आणि शेवटचा पक्का शॉट दोन्ही दाखवायला सांग. मधल्या चार आवृत्त्या काँप्युटरवर असतील आणि प्रत्येकीत काय बदललं हे त्या मुलाला सांगता आलं, तर तिथे शिकवणारं कुणीतरी आहे. पहिलाच शॉट शेवटचा असेल तर तिथून बाबांना घेऊन निघ.

शिकवणारे कोण, हेही नावानिशी विचार. कालच कोर्स संपलेला मुलगा आज तिथेच शिकवायला लागला, असं फार ठिकाणी दिसतं. मोठ्या नावाच्या संस्थांच्या गावोगावच्या शाखा वेगवेगळे लोक चालवतात. पाटी एकच असते, पण नाशिकला चांगलं म्हणून जळगावलाही चांगलं, असं होत नाही. उलटही होऊ शकतं. ज्या शाखेत बसणार तीच बघायची.

‘शंभर टक्के नोकरी’वर बाबांनी लाल पेनने खूण केली आहे. नोकरी कोणती, ते विचारा. आपल्याकडे व्हीएफएक्सचं, म्हणजे चित्रपटांतल्या काँप्युटर करामतींचं, बरंच काम रोटोचं असतं, म्हणजे चित्रित झालेल्या नटाची कड फ्रेममागून फ्रेम कापून वेगळी करायची. कष्टाचं, नेटकं काम आहे, अनेकांचं घर त्यावर चालतं आणि मला त्याबद्दल आदर आहे. पण तुला पात्रं हलवायची आहेत. म्हणून मागच्या तुकडीतली किती मुलं ॲनिमेटर म्हणून लागली, कुठे लागली, हे वेगळं विचार. आणि बाबांना हेही सांग की ही सरकारी नोकरी नव्हे. काम प्रोजेक्टवर येतं. २०२३ मध्ये हॉलिवूडमध्ये लेखक आणि नटांचे संप झाले, तर त्याची झळ आपल्या मुंबई-हैदराबाद-बेंगळुरूच्या स्टुडिओंपर्यंत पोचली. हात तयार असला की माणूस अशा दिवसांतही काहीतरी मिळवतो, पण ते दिवस येतात हे घरात आधीच माहीत असू दे.

पैशाचं थोडक्यात. ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणजे बहुधा फायनान्स कंपनीचं कर्ज असतं, बाबांच्या नावावर. मध्येच कोर्स सोडला तर हप्ते थांबतात का, हे लेखी घ्या. ‘पदवी’ म्हटलंय तिथे विद्यापीठाचं नाव विचारून यूजीसीच्या यादीत तपासा. स्टुडिओ पदवीआधी शोरील बघतो, पण पुढे परदेशात काम किंवा शिक्षण करायचं झालं तर पदवी नसल्याने अडतं.

आता ज्यांची माहितीपत्रकं तू मागवलीच नाहीस त्यांच्याबद्दल. तू आर्ट्सला आहेस म्हणून मोठ्या संस्था आपल्या नव्हेत, असं तुला कुणी सांगितलं? अहमदाबादची एनआयडी, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन, १९६१ पासून आहे, तिथे ॲनिमेशन फिल्म डिझाइनचा चार वर्षांचा बी.डेस. (डिझाइनची पदवी) आहे आणि प्रवेश परीक्षेला शाखेची अट नाही. नंदुरबारहून सुरतमार्गे थेट गाडी मिळते, शहाद्याच्या पोरीला पुण्यापेक्षा ते सोपं. आयआयटी मुंबईतल्या आयडीसी या डिझाइन विभागाच्या बी.डेस.ला यूसीड या प्रवेश परीक्षेतून जातात. तिलाही आर्ट्स चालतं. ती जानेवारीत असते, अर्ज साधारण ऑक्टोबरात सुरू होतात. दोन्हीकडे वयाची अट असते, ती आधी बघ. तिसरा रस्ता शासकीय कला महाविद्यालयातल्या बी.एफ.ए. या कलेच्या पदवीचा, त्याला राज्याची सीईटी द्यावी लागते. फी खासगी संस्थेच्या मानाने खूप कमी, चार वर्षं रेखाटन पक्कं होतं आणि थ्रीडी सोबतीने शिकता येतं. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना तुला ‘ए’ ग्रेड आहे. माझं मत विचारशील तर पहिली पसंती एनआयडी, ती नाही मिळाली तर बी.एफ.ए., आणि तुझ्या तीनपैकी एखादी संस्था त्यानंतर. जागा थोड्या आहेत, स्पर्धा मोठी आहे. तरी अर्ज न भरता मागे राहू नकोस.

आजी म्हणते ना, ‘पोर दिनभर चित्रंच काढत ऱ्हास’? काढत राहा. पण जागेवर बसून बघून काढ. बाजारात ओझं उचलणारा हमाल काढ, त्याचा गुडघा कधी वाकतो ते बघ. या परीक्षांमध्ये नुसती सफाई कामाची नसते. तू काय बघितलंस आणि कसा विचार केलास, ते तिथे तपासतात.

एक काम मुद्दाम सांगते. मुंबईकडे जाताना चाळीसगावला उतरा. स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे, आता तिथे कलादालन आहे. टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून, त्यांवर दिवे लावून त्यांनी असे फोटो काढले की बघणाऱ्याला खरं निसर्गदृश्यच वाटावं. आमचे लायटिंगवाले काँप्युटरमध्ये हेच करतात. कुठल्या बाजूने उजेड आला की दूरचं दूर वाटतं, हे त्या फोटोंसमोर उभं राहून वहीत टिपून घे. खान्देशात राहून ते न बघता तू दुसरीकडे शिकायला जावंस, हे मला पटणार नाही.

पुण्याची संस्था बघायला याल तेव्हा माझ्याकडेच उतरा. यायच्या आधी त्यांना फोन करून कळव की तुला एक पूर्ण तास वर्गात बसायचं आहे आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींशी बोलायचं आहे. काय उत्तर देतात ते मला सांग. बाबांशी मी रविवारी बोलते.

तुझी,
मावशी