खाऱ्या पाण्याच्या टँकमधले नवे मासे, फायरफिश आणि रॉयल ग्रामा, चार दिवस दगडाआडच आहेत. दगड काढून टाकू का?

नाही. दगड काढू नका, उलट वाढवा.

तुमच्या प्रश्नावरून टँक असा दिसतो: ३ फुटी, सायकल पूर्ण झालेला (म्हणजे अमोनिया पचवणारे जीवाणू तयार झालेला), मधोमध दगडाची एक कमान, बाकी मोकळी वाळू आणि आधीपासून राहणारे ३ डॉमिनो डॅमसेल मासे. त्यात फायरफिश आणि ग्रामा सोडले आणि चार दिवसांत शेपटीपलीकडे काही दिसलेलं नाही. दुकानदार म्हणतो, दगड कमी करा म्हणजे माशांना माणसांची सवय होईल, आणि सोबत परजीवी मारणाऱ्या कॉपर औषधाची बाटली टेकवतो. हा ‘दगड कमी करा’ सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं. या मुद्द्यावर माझं दुकानदारांशीही वाजलंय आणि स्वतःला जुने जाणते म्हणवणाऱ्यांशीही. त्यामुळे उत्तर लांबणार.

बुजरा मासा बिळापासून किती लांब जातो, हे केवळ भूक ठरवत नाही आणि केवळ माणसांची सवयही ठरवत नाही. धोका दिसल्यावर परत शिरायला किती अंतर कापावं लागेल, यावर ते जास्त ठरतं. टँकभर फटी असतील तर तो कुठेही असला तरी आसरा चार-सहा इंचांवर असतो, म्हणून तो दिवसभर बाहेर राहतो. आसरा एकच असेल तर तिथून हलणं परवडत नाही. दगड कमी केले की मासा ‘दिसतो’ हे खरं, पण तो कोपऱ्यात काचेला चिकटलेला, रंग उडालेला, धापा टाकणारा मासा असतो. त्याला सवय झाली असं म्हणणाऱ्याने त्याचे कल्ले मिनिटभर मोजून पाहावेत.

फायरफिश हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. समुद्रात तो वाळू आणि दगडगोट्यांतल्या बिळाच्या तोंडाशी, तळापासून थोडा वर, प्रवाहाकडे तोंड करून तरंगतो आणि वाहत येणारे प्लवंग टिपतो. पाठीवरचा लांब काटा वरखाली होताना दिसतो तो याच वेळी. सावली पडली की क्षणात बिळात. दरवेळी त्याच बिळात. म्हणजे त्याला गुहा नको, त्याच्या अंगाएवढी अरुंद फट हवी आणि त्या फटीसमोर मध्यम प्रवाह हवा. तुमच्या कमानीला दोन्ही बाजूंनी मोठी तोंडं आहेत. कमान फोटोत छान दिसते, फायरफिशच्या काही कामाची नाही.

ग्रामाचं वेगळं. हा कॅरिबियनकडचा मासा, कपारीच्या छताला पोट लावून उलटा राहतो. तुमच्या टँकमध्ये छत म्हणावं अशी जागा एकच, ती कमान. म्हणजे कमान ग्रामाने धरली असणार आणि फायरफिश मागच्या काचेजवळ पंपाच्या आड अडकला असणार. टॉर्चवर लाल सेलोफेन लावून रात्री बघा, कोण कुठे आहे ते कळेल. ग्रामा तोंडाचा आ वासून फायरफिशच्या अंगावर जाताना दिसला तर जागेवरून भांडण आहे, आजार नाही.

उपाय स्वस्त आहे. पाऊण इंची पीव्हीसी पाइपचे १०-१२ सेंटीमीटरचे चार-पाच तुकडे आणि दोन एल्बो आणा. कापलेल्या कडा पॉलिशपेपरने घासा. सोल्यूशन लावून जोडू नका, नुसते खोचा. हे तुकडे वाळूत तिरके पुरा, एक तोंड वर, दुसरं टोक दगडाखाली. फायरफिश एक-दोन दिवसांत त्यातला एक निवडतो. पुढे पाइपवर गुलाबी कोरलाइन शेवाळं चढलं की डोळ्यांना खुपतही नाही. पाहुण्यांना मासा दाखवायचाच असेल तर पाइपचं तोंड सोफ्याकडे करा. दगड काढून जे कधी साधणार नाही, ते यात साधतं.

दगड किती? ३ फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंदी-उंची धरली तर टँक साधारण १९० लिटरचा. ढोबळ हिशेब लिटरला १०० ग्रॅम, म्हणजे १८-२० किलो. दगड सच्छिद्र आणि हलका असेल तर कमीतही भागतं. वजनापेक्षा रचना महत्त्वाची. प्रत्येक माशामागे निदान दोन फटी आणि प्रत्येक फटीला मागून दुसरी वाट, नाहीतर दादागिरी करणारा मासा समोर उभा राहिला की आतला कोंडला जातो. मागच्या काचेपासून दोन-तीन इंच सोडा, पाणी फिरलं पाहिजे. खालचा दगड थेट तळाच्या काचेवर टेकवा आणि मग वाळू घाला. वाळूवर ठेवलेला दगड पुढे एखाद्या गोबीने किंवा कोळंबीने पोखरला की ढासळतो. दगड म्हणजे बाजारात मिळणारा कोरडा कृत्रिम दगड. रामेश्वरमहून कुणी प्रवाळ आणून देतो म्हणाला तर वाटेला जाऊ नका. २००१पासून प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आणि आपला काळा पाषाणही नको, तो इतका घट्ट असतो की आत जीवाणूंना घर मिळत नाही.

आता डॅमसेल. तुमचा खरा घोळ इथे आहे, आणि यातही दोष तुमचा नाही. ‘डॅमसेलवर सायकल करा’ हे अजूनही सर्रास सांगितलं जातं. गरज शून्य असते. सायकलला अमोनिया लागतो, तो बाजारच्या सोललेल्या कोळंबीच्या एका तुकड्यातूनही मिळतो. डॉमिनो लहानपणी गोजिरा दिसतो, मोठा होऊन १३-१४ सेंटीमीटरचा होतो आणि टँक त्याच्या मालकीचा आहे असं त्याचं ठाम मत असतं. आधी आलेल्या डॅमसेलसमोर नंतर आलेला फायरफिश टिकणं कठीण. सोडण्याचा क्रम उलटा हवा: बुजरे आधी, भांडखोर शेवटी.

त्यांना बाहेर काढा. जाळ्याने पाठलाग केलात तर सगळा टँक घाबरेल, म्हणून बाटलीचा सापळा लावा. दोन लिटरची बाटली खांद्याशी कापा, तोंडाकडचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा, बुडाला तापल्या सुईने भोकं पाडा, आत एक दगड आणि थोडं फ्रोझन मायसिस (बारीक कोळंबीसारखं खाद्य) ठेवा. त्याआधी एक दिवस टँकला खाणं नाही. सर्वांत धीट मासा आधी शिरतो, आणि धीट कोण ते तुम्हाला ठाऊक आहेच. नवे मासे दडलेले असल्यामुळे ते चुकून अडकायची भीती जवळपास नाही. डॅमसेल काढणं जमणार नसेल तर निदान दगडांची मांडणी बदला, म्हणजे जुन्या हद्दी मोडतात, आणि फायरफिशला आठवडाभर वेगळ्या जाळीदार डब्यात टँकमध्येच ठेवा. महागडा अक्रिलिक डबा नसेल तर भाजी धुण्याच्या दोन प्लॅस्टिक चाळण्या एकमेकींवर बांधून आत एक पाइप टाका. मासे एकमेकांना पाहतात, चावू शकत नाहीत.

वरचं झाकण आहे ना? बुजलेला फायरफिश उडी मारतो, आणि पंपाच्या वायरीसाठी सोडलेल्या फटीतूनही बाहेर पडतो. ६ मिलिमीटरची जाळी लावा, आजच.

लाइट. माशाला पापण्या नसतात. अंधाऱ्या खोलीत एकदम पूर्ण एलईडी लावलात तर जो मासा बाहेर आलेला असतो तोही आत पळतो. खोलीचा दिवा आधी, पंधरा मिनिटांनी निळा लाइट १०-१५ टक्के, मग अर्ध्या तासात हळूहळू वर. नव्या माशांसाठी दोन-तीन दिवस निळ्यावरच राहा. प्रवाळ असतील तर तेवढ्याने त्यांचं काही बिघडत नाही. मागची आणि एक बाजूची काच काळ्या किंवा गडद निळ्या फिल्मने झाका, चारही बाजूंनी उघडा टँक माशाला मैदानासारखा वाटतो. टीव्हीचा स्पीकर टँकच्या स्टँडवर असेल तर हलवा. पाण्यातली कंपनं मासा अंगाच्या कडेच्या रेषेने टिपतो, दार आपटलेलं त्याला आपल्याआधी कळतं. काचेवर टकटक करणाऱ्या पाहुण्यांबद्दल मी लिहीत नाही, भाषा बिघडेल.

खाणं: अर्धा क्यूब मायसिस किंवा आर्टेमिया टँकच्याच पाण्यात वितळवा, गाळा, २० मिलीच्या सिरिंजला फूटभर एअरलाइन नळी लावून बिळाच्या वरच्या अंगाला, प्रवाहात सोडा. रिटर्न पंप (पाणी टँकमध्ये परत सोडणारा) दहा मिनिटं बंद, पॉवरहेड (प्रवाह देणारा पंप) मंद चालू, कारण फायरफिश वाहतं खाणं पकडतो, तळावरचं सहसा उचलत नाही. मग तिथून निघून जा. समोर उभं राहून तो खातो का बघत बसलात तर तो खाणार नाही. वीस मिनिटांनी उरलेलं काढा. दिवसातून दोनदा, थोडं थोडं.

पाण्याबद्दल थोडक्यात, कारण अमोनिया शून्य आहे हे तुम्ही लिहिलंय. दुकानांतलं पाणी बहुधा १.०१८ ते १.०२० घनतेचं, म्हणजे कमी खारट असतं, मीठ वाचतं. तुमच्या टँकचं १.०२५. वरच्या घनतेला नेणं माशाला जड जातं, दिवसाला ०.००२पेक्षा जास्त चढवू नये. तुम्ही तासाभरात नेलंत, तो ताणही चार दिवस दडून बसण्यात आहे. आता त्याचं काही करायचं नाही, पुढच्या वेळी दुकानातच रिफ्रॅक्टोमीटरने (खारटपणा मोजायचं उपकरण) मोजून घ्या. पिशवीत टँकचं पाणी थेंबथेंब मिसळण्याचं कौतुकही बेताने करावं. कुर्ल्याहून तासाभरात आणलेल्या पिशवीला ते चालतं. रात्रभर कुरिअरने आलेल्या बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे सामू (पीएच) उतरलेला असतो, अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा माशाला दोन तास त्या पाण्यात ठेवणं म्हणजे मुद्दाम विषात ठेवणं.

किती दिवस? ग्रामा बहुधा आठवड्यात बाहेर येतो, फायरफिश कधी तीन दिवसांत, कधी दोन आठवड्यांत. शेजारच्या घरातला क्लाऊन मासा पहिल्याच दिवशी खायला आला म्हणून तुलना करू नका. क्लाऊन टँकमध्ये जन्मलेला मिळू शकतो, तामिळनाडूतल्या मंडपमच्या केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेच्या केंद्रात त्याचं प्रजनन केव्हाच साधलंय. तुमचे दोघे बहुधा जाळ्यातून समुद्रातून आलेत.

एक राहिलं, आणि हे आधी लिहायला हवं होतं: वरचं सगळं दडलेल्या पण धडधाकट माशासाठी आहे. कल्ले मिनिटाला १२०च्या वर हलत असतील, मासा दडायचं सोडून पॉवरहेडच्या झोतात तोंड खुपसून उभा असेल, टॉर्च बाजूने मारल्यावर अंगावर पिठासारखी धूळ दिसत असेल तर तो वेल्व्हेट हा परजीवी आजार आहे. दोन-तीन दिवसांत मासा जातो, वाट पाहायची नाही. मिठाच्या कणांएवढे सुटे ठिपके म्हणजे इक, हाही परजीवीच, त्यात थोडा अवधी मिळतो. दोन्हींत कॉपर चालतं, पण वेगळ्या टँकमध्ये: ४०-५० लिटर, वाळू नाही, दगड नाही, पाइपचे तुकडे आणि स्पंज फिल्टर. चिलेटेड कॉपर (दुसऱ्या रेणूंशी बांधलेलं) असेल तर २ ते २.५ पीपीएम, दोन दिवसांत हळूहळू चढवून, रोज टेस्ट किटने मोजून, ३० दिवस. किट नसेल तर बाटली उघडू नका. आणि मुख्य टँकमध्ये एक थेंबही नको. कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ मरतील, दगड आणि वाळू कॉपर शोषून घेतील आणि पाण्यात किती उरलं याचा पत्ता लागणार नाही. तिथले परजीवी संपावेत म्हणून मुख्य टँक ७६ दिवस माशांविना चालवावा लागेल, म्हणजे डॅमसेलही त्याच वेगळ्या टँकमध्ये, मधे जाळी लावून.